कुठून, कितीने, कुठवर

अक्का पहिल्या भेटीत कोणाला नाव विचारत नसत. धुळ्यात त्यांच्या दारात मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा माझ्या हातात कपड्यांची बॅग होती आणि मागे आबा, म्हणजे माझे वडील, रावेरहून डोक्यावर गादीची वळकटी घेऊन आले होते. कॉलेजचं हॉस्टेल भरलं होतं. कोणीतरी या घराचा पत्ता दिला होता. अक्कांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं.

"कुठून?"

"रावेरहून."

"कितीने?"

मला कळलं नाही. मी म्हटलं, "सकाळच्या गाडीने."

"गाडी नाही विचारली. कितीने पुढे जाते तू? एकेक पायरी चढते, की उड्या मारते?"

"एकेक," मी घाबरून म्हटलं.

"कुठवर?"

"तिसऱ्या वर्षापर्यंत. बी.एस्सी. कॉम्प्युटर."

"आजच्यापुरतं चालेल," अक्का म्हणाल्या आणि आत वळल्या. आबा वळकटी घेऊन तसेच उभे. त्यांना काही विचारलंच नाही. परत जाताना स्टँडवर आबा मला म्हणाले, "बाई हुशार दिसते. पन मले काही इचारलं नाही तिनं." हे त्यांनी पुढे कितीतरी दिवस मनात ठेवलं होतं.

त्या घरात तीनच भाड्याच्या खोल्या होत्या आणि तिन्ही भरलेल्या होत्या. दारांवर पांढऱ्या रंगाने आकडे काढलेले: दहा, वीस, तीस. अक्कांनी वीस आणि तीसच्या मधली सामानाची खोली रिकामी करवून घेतली, तिथे खाट टाकली आणि स्टुलावर चढून स्वतः दारावर पंचवीस असा आकडा काढला. मी विचारलं, "अक्का, एक, दोन, तीन असे नंबर का नाही दिले?"

"एक आणि दोनच्या मध्ये कोणी आलं तर त्याने कुठे राहायचं?"

त्यांच्या घरात सगळं दहा-दहाने चालायचं. लोणच्याच्या बरण्या दहा, वीस, तीस. तुळस दहा नंबरची, कढीपत्ता वीस नंबरचा. एकदा शेजारणीने ओव्याचं रोप आणून दिलं, त्याला पंधरा नंबर मिळाला. शेजारीण म्हणाली, "अक्का, झाडाला कशाला नंबर? झाड काय हाजरी देणार आहे?" अक्का म्हणाल्या, "तू पाणी घालायला आलीस की सांगता येतं. पंधराला कमी घाल, सडतो तो."

अक्का मूळच्या धुळ्याच्याच. उभी नोकरी दीपनगरच्या वीज केंद्रात, कॉम्प्युटरच्या विभागात झाली. निवृत्त होऊन वडिलांच्या घरी परत आल्या, पण तिथल्या पाळीच्या भोंग्याची सवय गेली नव्हती. धुळ्यात भोंगा नाही, तरी ठरल्या वेळेला त्या मान वर करून ऐकल्यासारखं करत आणि म्हणत, "पाळी बदलली." मग चहा. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची हिंमत आमच्यातल्या कोणाची झाली नाही. अंगावर सुती साडी, पायात पुरुषी चपला, आणि बोलण्यात कॉलेजसारखी मराठी चालता चालता मध्येच अहिराणी उसळायची. राग आला किंवा फार आनंद झाला की अहिराणी.

बैठकीत एक जुना कॉम्प्युटर होता, त्यावर नेहमी धुतलेला टॉवेल पांघरलेला. टॉवेल काढला की काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक पांढरी रेघ. चित्रं नाहीत, खिडक्या नाहीत. जे हवं ते अक्षरांनी लिहून मागायचं. कीबोर्डवरची अर्धी अक्षरं पुसली गेली होती, पण अक्कांची बोटं बघत नव्हतीच.

त्या काळ्या पडद्यावरची त्यांची सगळ्यात लाडकी आज्ञा म्हणजे 'सीक'. काम एकच. आकड्यांची रांग काढून द्यायची. सीक लिहायचं आणि पुढे तीन शब्द: कुठून सुरू, कितीने पुढे, कुठवर जायचं. सीक दहा दहा शंभर म्हटलं की दहा, वीस, तीस करत शंभरापर्यंत आकडे एकाखाली एक येऊन उभे राहतात. बस. दारात मला विचारलेले ते तीन प्रश्न तिथले होते, हे मला त्यानंतर कळलं.

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात एका चौकोनात एक लिहा, त्याखाली दोन लिहा, माउसने कोपरा पकडा आणि खाली ओढा, पुढचे आकडे भरले जातात. मी तसं करताना अक्कांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा कडू झाला. "आकड्यांना बोलवायचं असतं पोरी. ओढायचं नसतं. गुरं आहेत का ती?"

अक्का जे सांगितलं ते तसंच करत. गल्लीत कापडाचं दुकान असलेले एक मारवाडी शेठजी होते. भंडाऱ्याच्या जेवणाची कुपनं छापून घ्यायला आले. अक्कांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "कुठून?"

"एकपासून, अक्का."

"कितीने?"

"एक-एक करके."

"कुठवर?"

शेठजी म्हणाले, "ते कसं सांगू? जितके येतील तितके. कमी नाही पडले पाहिजे. चालू राहू द्या."

"चालू राहू द्या?"

"हो, हो. राहू द्या चालू."

अक्कांनी 'कुठवर'च्या जागी अनंत असं लिहिलं. तशी सोय आहे त्या आज्ञेत. छपाईचं छोटं मशीन सुरू झालं, त्यातून कागदाची पट्टी निघायला लागली, ओट्यावरून खाली उतरली, अंगणात गेली. अक्का चहा पीत बसल्या. शेठजी पट्टीमागे धावत, "बस अक्का, बस हो गया." अक्का म्हणाल्या, "मला नका सांगू, तुम्हीच म्हणालात." कागदाचा गुंडाळा संपला तेव्हाच ते थांबलं. भंडाऱ्याला मात्र एकही कुपन कमी पडलं नाही, आणि शेठजी पुढे दुकानात कोणालाही कापड फाडण्याआधी विचारायचे, "कुठवर?"

मला त्या आज्ञेने एकदा घरी जाण्यापासून अडवलं. पहिल्या सहामाहीत मी दोन विषयांत नापास झाले. वर्गातल्या बाकी मुली इंग्रजीतून शिकून आलेल्या, त्यांच्या घरी काका-मामा इंजिनियर. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मी बॅग भरली आणि अक्कांना सांगितलं, मला हे जमायचं नाही, मी परत जाते.

अक्कांनी आरडाओरडा केला नाही. टॉवेल काढला. "आठे बस," म्हणाल्या. इथे बस. "लिही. सीक दहा एक. दहापासून एकपर्यंत. मधला शब्द गाळला की तो एकेकाने पुढे जातो."

मी लिहिलं. काहीच आलं नाही. रेघ नुसती लुकलुकत राहिली. पुन्हा लिहिलं. पुन्हा कोरं.

"बिघडलं का?"

"नाही. तो आपणहून मागे जात नाही. मागे जायचं असेल तर मधे उणे एक असं स्वतःच्या हाताने लिहून द्यावं लागतं. मग जातो." त्यांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. "लिही उणे एक. मग खुशाल जा रावेरला."

मला ते उणे एक लिहवेना. मी बॅग उघडली आणि पुस्तकं परत मांडली. अक्कांनी भाकरी वाढली, ज्वारी-उडदाच्या कळण्याची, वर तेलात परतलेला ठेचा. दोन्ही विषय मी पुढच्या खेपेला काढले. हे मी मिरवायला सांगते, कारण मिरवण्यासारखंच आहे.

आता रावेरची गोष्ट सांगते.

मी पदवी घेऊन घरी आले त्याच हंगामात आबांनी आणि आमच्या शिवारातल्या काही शेतकऱ्यांनी मिळून ठरवलं की या वेळेला केळी व्यापाऱ्याला द्यायची नाही, आपणच पॅक करून थेट दुबईला पाठवायची. मुंबईचा एक एजंट तयार झाला. त्याची अट एक होती: प्रत्येक पेटीवर नंबर हवा. कोणत्या शेतकऱ्याची, कितवी पेटी, आणि मधला एकही नंबर गाळलेला चालणार नाही. नंबर तुटला म्हणजे पेटी बदलली असं तिकडचे लोक समजतात आणि आख्खा कंटेनर परत करतात.

गटाच्या बैठकीत हे काम कोणी करायचं ते ठरेना. आबा म्हणाले, "नंबरचं माझी पोरगी करीन."

कोपऱ्यात बसलेले नाना म्हणाले, "तिले जमन का पन?" नाना आमच्या गटातले सगळ्यात वयस्कर आणि मारुतीच्या मंदिराचे कारभारी. माझ्या शिक्षणावर त्यांचं पहिल्यापासून बारीक लक्ष होतं. "तीन वर्षं धुळ्याले होती, काय शिकली ते तं समजन."

म्हणजे पणाला कंटेनर होता आणि आबांचा शब्द होता. त्या पाठोपाठ माझी पदवीही होती. कंटेनर हुकला असता तर तोडलेला माल मिळेल त्या भावाने टाकावा लागला असता आणि गट तिथेच फुटला असता. आणि गावात पुढे कोणाची मुलगी धुळ्याला जायची म्हणाली असती तर नानांनी माझं नाव पुढे केलं असतं.

मी माझ्या लॅपटॉपवर काळा पडदा उघडला. प्रत्येक शेतकऱ्याला एक अक्षर दिलं आणि सीकने नंबर काढले, एकपासून, एकेकाने. सगळे नंबर सारख्या लांबीचे केले, पुढे शून्यं लावून, म्हणजे एक हा ००१ असा दिसतो आणि रांग सरळ राहते. स्टिकर छापले. तोड सुरू झाली. शेडमध्ये घड येऊ लागले, फण्या कापून पाण्याच्या टाकीत, तिथून पुसून पेटीत, पेटीवर माझं स्टिकर. दुपारपर्यंत पेट्यांच्या भिंती उभ्या राहिल्या. मी त्यांच्यामधून उगाचच चालत होते.

एजंट मुंबईहून शेडवर आला होता, तो मोबाइलवर यादी उघडून पेट्या तपासायला लागला. भरण्याआधी तपासणी, मग कंटेनर, मग सील.

"अ-००१ कुठे आहे?"

शोधली. नाही सापडली.

"बरं. ब-००१?"

तीही नाही. क-००१ नाही. एजंट चष्मा काढून पुसायला लागला. "प्रत्येकाची पहिलीच पेटी गायब? मॅडम, इतकी वर्षं हा धंदा करतो, पण चोर इतका शिस्तीचा पाहिला नाही."

नाना पुढे आले. "चोर कायचा? पहिली पेटी मारुतीपाशी ठेवली."

मी मंदिरात पळत गेले. गाभाऱ्यासमोर सगळ्या पहिल्या पेट्या ओळीने मांडलेल्या. ००१ या माझ्या स्टिकरवर कुंकू लावलेलं, वर नारळ. दोन पेट्या फुटल्याही होत्या आणि शेडमधल्या बायकांची पोरं पायरीवर बसून प्रसादाच्या कच्च्या फण्या वाटून घेत होती. आमच्याकडे पहिला घड देवाचा असतो. या वेळी घड कापून पेट्या भरल्या होत्या, म्हणून पहिली पेटी. मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण यात सांगण्यासारखं काय आहे, असं प्रत्येकाला वाटलं होतं. दरवर्षी पहिला घड तर आमचे आबाच डोक्यावरून नेतात.

परत आले तर शेडमध्ये वाद पेटला होता.

एजंट म्हणत होता, "सोपं आहे. बाकीच्या पेट्यांना एकपासून नवीन नंबर द्या. तुमची देवाची पेटी धरूच नका."

"धरूच नका?" नानांचा आवाज चढला. "एक नंबर मारुतीले दिला. कुंकू लावलं त्याले. आता तो नंबर काढून दुबईले द्यायचा का?"

"काका, तो नुसता आकडा आहे."

"मंग तुम्हीच घ्या दुसरा आकडा. देव हलनार नाही."

"दोनपासून यादी दिली तर तिकडे म्हणतील एक नंबर कुठे गेला. तुमचा मारुती मी त्यांना कसा समजावू?"

पेट्या उचलणाऱ्यांनी हात थांबवले. नाना हलत नव्हते आणि नाना हलत नव्हते म्हणून बाकीचे हलत नव्हते. आबा एका पेटीवर बसले होते. माझ्याकडे बघत होते. ऊन वाढत होतं आणि केळी ऊन सहन करत नाही.

मी अक्कांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

"काय व्हयनं?"

मी सगळं सांगितलं. पलीकडे चहा ओतल्याचा आवाज आला.

"रांग कुठून सुरू केली होतीस?"

"एकपासून."

"पहिली पेटी कोणाची?"

"देवाची."

"हे तुला माहीत होतं?"

"होतं अक्का. लहानपणापासून."

"मग मशीनला का नाही सांगितलंस? ते काय रावेरचं आहे?" शेडमध्ये कोणीतरी हसलं. अक्का पुढे म्हणाल्या, "माणसं बदलायला जाऊ नको. पहिला शब्द बदल. एकच्या जागी शून्य लिही. देवाला शून्य दे, तुमच्या पेट्या एकपासून चालतील."

नाना फोनजवळ आले. "देवाले शून्य? शून्य म्हंजे काहीच नाही. हा अपमान शे," ते म्हणाले. रागात त्यांनीही अहिराणीचा 'शे' लावला. समोरून आलेली बोली त्यांच्या तोंडात शिरली असावी.

"कोण बोलतंय?"

"मी नाना. मंदिराचा कारभारी."

"नाना, रांगेत एकाच्या आधी कोण उभं राहतं?"

नाना बोटं मोजायला लागले.

"सांगा ना."

मागून कोणी म्हणालं, "शून्य."

"मग तुमचा मारुती सगळ्यांच्या आधी उभा पाहिजे, का तुमच्या केळ्यांसंगे एक, दोन, तीन करत रांगेत उभा करता त्याला?"

नानांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. मग ते माझ्याकडे वळले. "हे तू आधी सांगितलं असतं तं मी एक नंबर देवाले लावूच दिला नसता. इतका खालचा." आणि माणसांकडे वळून, "काय बघता? लावा शून्य."

तेव्हा जे हसू फुटलं ते एजंटलाही आवरलं नाही.

मी पुन्हा आज्ञा लिहिली. पहिल्या शब्दाच्या जागी शून्य. शून्यालाही बाकीच्यांच्या लांबीचं केलं, म्हणून ते ००० असं छापून आलं, तीन शून्यं, ऐटीत. जुन्या स्टिकरवर नवं स्टिकर. गटातले सगळे शेतकरी, त्यांच्या बायका, शेडमधले कामगार, ट्रॅक्टरवाले, सगळे चिकटवायला बसले. नाना स्वतः ओळ तपासत होते आणि कोणाचं वाकडं लागलं तर ओरडत होते, "सरळ लाव, दुबईले जातं ते." आबांनी ०००ची स्टिकरं दोन्ही हातांत धरून मंदिरात नेली, एकेक पेटीवर लावली आणि त्यावर पुन्हा कुंकू लावलं.

एजंटने यादी मागितली. मी त्याला एकपासूनची दिली. त्याने हळूच विचारलं, "यात शून्य नाही ना?"

"नाही. तुमच्यासाठी एकपासून, देवासाठी शून्यापासून. आज्ञा तीच आहे, पहिला शब्द वेगळा."

तो तपासत गेला आणि एकही नंबर तुटला नाही. उन्हं कलायच्या आत कंटेनरचं दार लागलं, सील बसलं, आणि गाडी मुंबईच्या रस्त्याला लागली तेव्हा नानांनी नारळ फोडला आणि पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला. नानांकडून तेवढं म्हणजे सत्कारच.

माल तिकडे उतरला तेव्हा एजंटचा फोन आला. तक्रार नव्हती. एवढंच विचारलं, "पुढचा कधी भरायचा?" तेव्हापासून आमच्या गटाचे कंटेनर जातात आणि नंबर मीच काढते. नानांची नात आता धुळ्याला शिकते. नाना तिला सोडायला गेले तेव्हा म्हणे सगळ्या एसटीला ऐकू जाईल असं सांगत होते की कॉम्प्युटरच घे.

तो फोन आला त्याच आठवड्यात आबा मला म्हणाले, "चाल धुळ्याले." देवळातल्या पेटीतली प्रसादाची एक फणी त्यांनी पिकायला बाजूला ठेवली होती, ती पिशवीत घेतली. ०००चं एक उरलेलं स्टिकरही घेतलं. अक्कांच्या दारात आबांनी टोपी नीट केली आणि माझ्या पुढे उभे राहिले.

अक्कांनी चष्म्याच्या वरून बघितलं. माझ्याकडे नाही, आबांकडे.

"कुठून?"

आबांचा चेहरा फुलला. "रावेरहून," ते म्हणाले.

"कितीने?"

"एकेकानं. उड्या मारायचं आमच्या घरात कोनाले जमलं नाही."

"कुठवर?"

आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला पुढे केलं. "ते मले नाही माहीत, बाई. तिले इचारा. आता ती सांगन तिथवर."

अक्का एकदम अहिराणीत शिरल्या. "बठ्ठं बरोबर शे," सगळं बरोबर आहे, म्हणाल्या आणि टॉवेल काढला. स्टिकर त्यांनी कॉम्प्युटरच्या कपाळावर चिकटवलं. मग खुर्चीत मला बसवलं. मी लिहिलं: सीक, शून्य, एक. तिसऱ्या शब्दापाशी मी थांबले आणि अक्कांकडे बघितलं. त्या फणीतलं केळं सोलत होत्या, मदत करायला तयार नव्हत्या. मी अनंत लिहिलं.

आकडे धावायला लागले, काळ्या पडद्यावर खालून वर, डोळ्याला धरता येईनात इतके. आबा वाकून बघत होते.

"थांबत नाही का हे?"

"नाही," अक्का म्हणाल्या. "बंद करू का?"

"नको," आबा म्हणाले आणि माझ्या खुर्चीमागे हात बांधून उभे राहिले. "राहू द्या चालू."